सत्काराआधीची परीक्षा

सोमवार, तेरा डिसेंबर १८८६. सकाळचे सात वाजून दहा मिनिटे. ही ठाण्याची स्थानिक वेळ. आगगाड्या मद्रासच्या घड्याळावर चालत, त्यामुळे स्टेशनात तेव्हा सात चाळीस झाले असतील. त्या वेळी आमच्या शाळेच्या हेडमास्तरांनी स्वतःच्या हाताने घंटा दिली आणि बारा म्हाताऱ्या शिपायांची परीक्षा सुरू झाली.

शिपाई पलटणीतले. अकरा जण पेन्शनर होते. बाराव्याला पेन्शन नव्हते, कागद नव्हता, पदक नव्हते; तो शिपाई होता हे त्याच्याखेरीज कोणी सांगत नव्हते. त्याच सकाळी नऊ वाजता शाळेच्या आवारात या मंडळींचा सत्कार व्हायचा होता. हारांची टोपली ओल्या फडक्याखाली ठेवलेली होती. परंतु आधी परीक्षा आणि मग सत्कार, असा हेडमास्तरांचा हुकूम होता. नापास माणसाला हार नाही.

मी त्या शाळेत गणित शिकवीत असे. हेडमास्तरांच्या हाताखाली मी नऊ वर्षे काढली. त्यांचे नाव लिहीत नाही. ज्यांना ठाऊक आहे त्यांना ते लागणार नाही, आणि ज्यांना ठाऊक नाही त्यांना त्याचा उपयोग नाही.

ते उंच व वाळलेले होते. उजव्या बाहीला कोपरापर्यंत खडू असे. उपरण्याच्या टोकाला एक छोटी वही दोऱ्याने बांधलेली असे, आणि त्या वहीत ते जगातील प्रत्येक गोष्टीला शंभरांपैकी मार्क देत. न्हाव्याने हजामत केली की आरशात पाहून ते म्हणत, "डावी बाजू बासष्ट, उजवी सत्तावन्न." मासुंदा तळ्यावर पोहणाऱ्यांना काठावरून मार्क देत. एका लग्नात त्यांनी नवऱ्या मुलाला अठ्ठेचाळीस दिले आणि मुलीच्या बापाने विचारले म्हणून ते मोठ्याने सांगितले. पुढे त्या घरातले अक्षत-आमंत्रण शाळेत कोणालाच आले नाही.

घरीही तेच चाले. एकदा मी त्यांच्याकडे जेवायला होतो. त्यांच्या पत्नीने स्वयंपाकघराच्या दारातून विचारले, "आज आमटीला किती?"

"एकसष्ट."

"मग उद्यापासून दुसऱ्या शाळेत जेवा."

हेडमास्तरांनी वही उघडली आणि उत्तराला ब्याऐंशी लिहिले.

रोज संध्याकाळी ते स्वतःलाही मार्क देत. ज्या दिवशी तेहतीसच्या खाली जात, त्याच्या दुसऱ्या दिवशी पगडी न घालता शाळेत येत. आमच्यात उघड्या डोक्याने रस्त्यात निघालेला पुरुष म्हणजे घरात मर्तिक, असे समजत. माझ्या आठवणीत तीनदा लोक त्यांच्याकडे समाचाराला गेले. ओटीवर बसून कोणीतरी हळू आवाजात विचारी, "केव्हा झालं?"

"काल संध्याकाळी," हेडमास्तर सांगत. "एकतीस. दोन कमी पडले."

त्यांचे आणखी दोन नियम सांगितले पाहिजेत. पहिला असा, की परीक्षेला बसलेल्या माणसाला ते 'तुम्ही' म्हणत, मग तो अगदी खालच्या वर्गातला का असेना. शेवटची घंटा झाली की पुन्हा 'तू'. दुसरा असा, की सगळा वर्ग नापास झाला तर परीक्षक नापास. हा नियम मला एकदा लागू झाला. त्या आठवड्यात मी मुलांबरोबर बाकावर बसून दशांश अपूर्णांकांची उदाहरणे सोडवली. मी तक्रार केली नाही. उदाहरणे कठीण होती.

शिपायांच्या सत्काराची कल्पना त्यांना कचेरीत सुचली. शाळेच्या कामासाठी ते तेथे गेले होते. पेन्शन वाटण्याचा दिवस होता. म्हातारे सकाळपासून तिजोरीच्या पायऱ्यांवर उन्हात बसले होते. हेडमास्तर परत आले आणि आम्हा सर्व शिक्षकांना बोलावून उभ्यानेच म्हणाले, "ज्यांनी समुद्र ओलांडला ते पायरीवर बसतात, आणि आपण खाडी ओलांडली नाही ते खुर्चीवर बसतो. हे बरोबर नाही. त्यांना शाळेत बोलावून खुर्चीवर बसवायचे. हार घालायचे. मुलांनी उभे राहायचे."

आम्ही मान डोलावली.

"अर्थात परीक्षा होईल," ते म्हणाले.

मी विचारले, "कसली?"

"परीक्षेशिवाय दिलेला मान ही भीक आहे. मी शिपायाला भीक घालणार नाही."

हा विचार वेडेपणाचा होता असे मला तेव्हा वाटले. आता वयाने त्या म्हाताऱ्यांच्या पुढे गेल्यावर तो तितका वेडेपणाचा वाटत नाही. परंतु तो अमलात कसा आणला ते पुढे आहे.

प्रथम शनिवार ठरला होता. पेन्शनरांमध्ये वडील माणूस एक बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले यहुदी, सुभेदार होते. ठाण्यातच राहत; छातीवर तीन पदके. त्यांनी निरोप पाठवला: शनिवारी मी लेखणी धरत नाही व गाडीत बसत नाही, लढाईची गोष्ट वेगळी. सत्कार सोमवारी गेला.

बारावा माणूस त्याआधी आठ दिवस आला. नाव गोमा. शहाडच्या पलीकडे उल्हास नदीच्या काठी त्याचे गाव, जातीने आगरी. एका पायाने लंगडत असे. कल्याणच्या बाजारात भाजी घेऊन येई, तेथे त्याने सत्काराचे ऐकले आणि भाजी विकून तसाच ठाण्याला आला. तो दारातच बसला.

"साह्यब, मना पन बशू द्याल का खुर्चीव?"

"कोणती पलटण?" हेडमास्तरांनी विचारले.

"हबसानला गेलतो. अठरा वरसां झाली. शिपाय व्हतो." हबसाण म्हणजे आफ्रिकेतला हबशांचा मुलुख; तिथल्या लढाईबद्दल तो बोलत होता.

"कागद?"

"कुडाला लावलेला. वाळवीनं खाल्ला."

मी हेडमास्तरांना इंग्रजीत म्हणालो की याला वाटेला लावावे. गोमाला इंग्रजी येत नव्हते, पण सूर समजला. तो माझ्याकडे वळला.

"मास्तर, गावात बोलतान, गोमा लढाईवं नव्हता, ठान्याच्या तुरुंगात व्हता. यक वरीस गावात नव्हतो ना मी. नातीचा लगीन ठरलंय. पाव्हना, पोराचा बाप, नदीपल्याडचा. त्याच्या कानाव गेलंय. तो बोलला, तुरुंगवाल्याच्या घरातली पोरगी मना नको. सोमवारी येनार हाय, जबाब द्याला. तुमी खुर्चीव बसवला त लगीन व्हईल. नाय बसवला त मोडंल."

"कागदाशिवाय नाव घेता येणार नाही," मी म्हणालो.

हेडमास्तर म्हणाले, "कागद नाही अशा माणसासाठीच परीक्षा असते." त्यांनी यादीत बारावे नाव लिहिले. मग ते उठून गेले. पुढे कळले की ते तुरुंगातल्या एका ओळखीच्या कारकुनाकडे गेले होते आणि तेथून काही लिहून घेऊन आले. ते कशासाठी, हे त्यांनी सांगितले नाही.

तर सोमवारी सात दहाला परीक्षा सुरू झाली. बाक इंग्रजी तिसरीचे. सुभेदारांचे गुडघे छातीला लागले होते आणि पदके गुडघ्यांना. बहुतेकांना लिहिता येत नसल्यामुळे परीक्षा तोंडी घ्यायची ठरली. मी उत्तरे टिपत होतो. हेडमास्तरांनी फळ्यावर पाच प्रश्न लिहिले व वाचून दाखवले. हबसाणच्या चतुःसीमा सांगा. तेथील राजधानी कोणती? मुख्य नद्या कोणत्या? लढाईची कारणे सांगा. हवामानाचे वर्णन करा.

एक मराठा जमादार उभे राहिले. "साहेब, आम्ही काबूलकडं गेलो होतो."

"बसा. या सहामाहीत आफ्रिका आहे."

"पण आम्ही आफ्रिकेत पाऊलच टाकलं नाही!"

"मीही टाकले नाही," हेडमास्तर म्हणाले. "मला उत्तरे येतात."

बारा जणांपैकी हबसाणला खरोखर गेलेले सुभेदार आणि, त्याच्या म्हणण्याप्रमाणे, गोमा. बाकीचे इराण, काबूल, चीन अशा ठिकाणचे. हेडमास्तरांनी कोणाचाही अपवाद केला नाही. शाळेतल्या मुलांना जो भाग लागला होता त्यावर परीक्षा. दुसऱ्या भागावर घेतली तर ती अन्यायाची, असे त्यांचे मत होते. अन्याय कोणावर, हे मी विचारले नाही.

सुभेदारांना चतुःसीमा विचारल्या.

"साहेब थांबा म्हणाला तिथपर्यंत."

"राजधानी?"

"होती. आम्ही गेलो तेव्हा जळत होती. नाव विचारायला कोणी शिल्लक नव्हतं."

"लढाईची कारणे?"

"हुकूम."

"हे अर्धे कारण झाले. पाच मार्क. दुसरे अर्धे?"

"दुसरं अर्धं आम्हाला सांगितलं नाही."

एक हवालदार तोफेच्या आवाजाने ठार बहिरे झाले होते. ते प्रत्येक प्रश्नाला उभे राहून आपल्या पलटणीचा नंबर सांगत आणि खाली बसत. नंबर बरोबर होता, परंतु त्याला मार्क ठेवलेले नव्हते. गोमाने पाचही प्रश्नांना एकच उत्तर दिले: "मना नाय म्हाईत." त्याचे शून्य मी थोड्या समाधानाने लिहिले. हेही येथे नमूद करतो.

निकाल असा: सुभेदार अकरा, जमादार चार, बाकीचे त्याखाली. बाराच्या बारा नापास. बाहेर आवारात मुले रांगेत उभी होती. हार फडक्याखाली होते. साडेआठ वाजले होते.

सुभेदार बाकातून बाहेर येऊ लागले. गुडघे अडकल्याने वेळ लागला. मग म्हणाले, "हेडमास्तरसाहेब, तीस वर्षं चाकरी केली. मला शत्रूनंसुद्धा नापास केलं नाही. हे तुमचे हार मुलांना वाटा. आम्ही घरी जातो."

"नियम सर्वांना सारखा आहे," हेडमास्तर म्हणाले.

"मग तुम्हालाही असेल. तुमचा पेपर चुकीचा आहे."

हे वाक्य दुसऱ्या कोणाला म्हटले असते तर भांडण झाले असते. हेडमास्तरांनी निकालाचा कागद माझ्या हातातून घेतला, वरून खाली वाचला, आणि वही उघडून स्वतःच्या नावापुढे शून्य लिहिले. मग पगडी काढून टेबलावर ठेवली, खडू सुभेदारांच्या हातात दिला आणि बहिऱ्या हवालदारांच्या शेजारी बाकावर जाऊन बसले.

"सगळा वर्ग नापास म्हणजे परीक्षक नापास," ते म्हणाले. "आता पेपर आपण काढा."

सुभेदारांनी खडूकडे पाहिले. तो कसा धरायचा हे त्यांना ठाऊक असावे, पण त्यांनी तो खिशात टाकला. हात मागे बांधून ते एकदा या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले.

"एकच सवाल," ते म्हणाले. "जिथं गेलात तिथं प्यायचं पाणी कसं होतं? ज्यानं त्यानं आपापलं सांगा."

सगळे एकदम बोलू लागले. जमादार म्हणाले, काबूलच्या वाटेवर बर्फ टाचेने फोडून तोंडात धरायचा. पहिला घोट दातांना, दुसरा पोटाला. इराणला गेलेला एक नाईक म्हणाला, तिथले पाणी खारट, पिऊन तहान वाढे. चीनला गेलेले म्हणाले, गढूळ, तुरटी फिरवायची. कोणीतरी बहिऱ्या हवालदारांना ओंजळ करून खूण केली. त्यांनी ओंजळीकडे पाहिले आणि या खेपेला नंबर सांगितला नाही. "मुताचं प्यालो," ते म्हणाले, "दोन दिवस." मी ते जसेच्या तसे टिपले.

गोमा शेवटी राहिला.

"पानी आगबोटीतना यायचा," तो म्हणाला. "समिंदराचा पानी कढवायचं बोटीव, त्याची वाफ धरायची. गरम यायचा, हात भाजायचा. पैला साह्यबाला. मंग पलटनीला. मंग हत्तीला. मंग खेचरांना. त्यातना उरला त आमाला."

सुभेदार थांबले. "खेचरांच्या मागून तुम्हाला? मग तू कोण होतास?"

गोमा लंगडा पाय चोळू लागला.

"पलटणीला खेचरांच्या आधी पाणी होतं. मी पलटणीत होतो. तू कुठं होतास?"

"खेचरांव," गोमा म्हणाला. "वझी वाहायची खेचरां. मी हाकायचो."

जमादार हसले आणि बाकीचेही. "म्हणजे खेचरवाला! हा शिपाई! अरे, शेपट्या धरून लढाई केलीस होय?"

"शेपट्या नव्हत्या," गोमा म्हणाला. "भुकंनं यकमेकांच्या खाल्ल्या त्यांनी. आयाळ पन खाल्ली. सकाळचं उठावं त दहा-दहा पडलेली. त्यांना वढून समिंदरात टाकायचो. त्यातच पायाव पडला यक."

जमादारांचे हसणे थांबले नाही, पण बाकीच्यांचे थांबले. सुभेदार खिडकीशी गेले होते. तेथूनच ते म्हणाले, "खरं आहे. त्या मेलेल्या खेचरांचा वास मी घरात कोणाला सांगितलेला नाही. याला शंभर."

"शंभर मार्क घेऊ द्या," जमादार म्हणाले, "पण आमच्या रांगेत खुर्ची? हा सरकारी पटावरचा शिपाई नव्हे. मी उठून जाईन."

तेव्हा हेडमास्तरांनी बाकावरून हात वर केला. वर्गात मुले परवानगीसाठी करतात तसा.

"बोल," सुभेदार म्हणाले. त्यांनी 'बोल' म्हटले, 'बोला' नाही. हेडमास्तर नापास होते.

हेडमास्तर उभे राहिले. "परीक्षा झाल्यावर हुद्दा विचारीत नाहीत. यादी मार्कांप्रमाणे लागते."

"हा हुकूम आहे?"

"नियम आहे."

सुभेदारांनी जमादारांकडे वळून सांगितले, "नियम आहे. बसा खाली."

जमादार बसले. हुकूम न मानण्याची सवय त्यांना नव्हती.

बाकीच्यांना साठपासून ऐंशीपर्यंत मार्क मिळाले. सुभेदारांनी स्वतःला मार्क घेतले नाहीत. ते परीक्षक होते. हेडमास्तरांनी पगडी घातली आणि गोमाला उभे केले.

"तुम्ही शिपाई असल्याचे मला सांगितले होते?"

"सांगितला."

"ते खोटे होते?"

"व्हता."

"दहा मार्क वजा." मग मला विचारले, "किती राहिले?"

"नव्वद."

"दुसऱ्याचे?"

"ऐंशी."

"म्हणजे पहिला."

सत्कार नऊ वीसला झाला. सुभेदार मधल्या खुर्चीवर परीक्षक म्हणून बसले. त्यांच्या उजवीकडे पहिल्या खुर्चीवर गोमा. त्याने पाय वर घेऊन मांडी घातली, कोणीतरी सांगितल्यावर खाली सोडले. मुले उभी राहिली. हेडमास्तरांचे भाषण एका वाक्याचे होते: "हे सर्व उत्तीर्ण झाले आहेत." त्यावर बहिऱ्या हवालदारांनी उठून नंबर सांगितला. मुलांनी टाळ्या वाजवल्या.

दाखले लिहिण्याचे काम माझ्याकडे होते. गोमा टेबलाच्या कडेला येऊन उभा राहिला.

"मास्तर, शिपाय लिवा."

मी हेडमास्तरांकडे पाहिले. "खेचरवाला," ते म्हणाले.

"साह्यब, अठरा वरसां गावाला शिपाय सांगितलंय. आता खेचरवाला झालो त बोलतील, गोमा खोटा. मंग तुरुंग पन खरा. पोरीचा लगीन गेला."

मी म्हणालो, "एक शब्द आहे. काय बिघडते?" हे मी का म्हणालो ते मला ठाऊक नाही. आठ दिवसांपूर्वी त्याला वाटेला लावा म्हणणारा मीच होतो.

"मी नव्वद मार्कांच्या कागदावर खोटा शब्द लिहिला," हेडमास्तर म्हणाले, "तर नव्वदही खोटे. खेचरवाला लिहा. वाचून दाखवायला मी स्वतः येतो. गाडी केव्हा आहे?"

सुभेदार बुटांच्या नाड्या बांधत होते. "मीही येतो," ते म्हणाले. "याच्या गावात खेचराची शेपटी कोणी पाहिली नसेल. साक्षीला कोणी लागेल."

दुपारच्या गाडीने आम्ही चौघे कल्याणला उतरलो. तेथून गाव दीड कोस. छकडा मिळाला नाही. सुभेदार लाल कोट व पलटणीचे जुने बूट घालून चालले. मधेच एकदा थांबले, पुन्हा चालू लागले.

गावात वडाच्या पाराभोवती वीस-पंचवीस माणसे जमली होती. पाहुणा, म्हणजे नवऱ्या मुलाचा बाप, पारावर बसला होता. धिप्पाड, कानात भिकबाळी, हातात काठी. लाल कोट पाहून सगळे उठले. तो उठला नाही.

हेडमास्तरांनी दाखला वाचला. गोमा हबसाणच्या मोहिमेत सरकारी खेचरांवर होता. परीक्षेत नव्वद मार्क मिळवून पहिला आला. सुभेदारांनी सांगितले, "मी तिथं होतो. हाही होता."

"म्हंजे शिपाय नव्हता," पाहुणा म्हणाला. "खोटा बोलला."

"खोटे बोलला," हेडमास्तर म्हणाले. "त्याचे दहा मार्क कापले आहेत."

"मंग यक वरीस हबसानला व्हता, आन् आदी-मागना तुरुंगात नव्हता कशावना? खेचरांवना इकडं आल्याव धरला असंल."

गर्दीतून कोणीतरी "व्हय, व्हय" म्हणाले. गोमाने माझ्याकडे पाहिले. मी हेडमास्तरांकडे पाहिले. त्यांनी अंगरख्यातून एक घडी घातलेला कागद काढला. तुरुंगातल्या कारकुनाकडून आणलेला तो हाच.

"याचा विचार मी केला होता," ते म्हणाले. "तुरुंगाचीही परीक्षा घेऊ. वर्षभर आत राहिलेला माणूस तीत नापास होणे शक्य नाही. गोमा, उभे राहा. तुम्हाला पहिला प्रश्न. तुरुंगात सकाळी खायला काय देतात?"

गोमाने विचार केला. "भाकर," तो म्हणाला. "आन् सुकट."

पाहुणा मोठ्याने हसला. "सुकट! तुझ्या सासऱ्याची खानावळ हाय का ती? कांजी देतान, कांजी! तीपन अळणी. मीठ मांगितला त वार्डर बोलतो, मिठापायी आलास ना, आता मिठाबिगर..."

तो थांबला.

त्या काळी मिठागरातून पाटीभर मीठ घरी नेले तरी कैद होत असे. त्या लोकांत ती गोष्ट समजायला कोणाला वेळ लागला नाही. पाहुण्याच्या हातातली काठी खाली पडली आणि त्याने ती उचलली नाही.

"बरोबर," हेडमास्तर कागदावर पाहत म्हणाले. "कांजी. मीठ नाही. पूर्ण मार्क. तुम्हाला दुसरा प्रश्न..." त्यांनी वही उघडून टाक बरोबर आणलेल्या दौतीत बुडवला होता. ते पाहुण्याला 'तुम्ही' म्हणत होते. त्याचे नाव त्यांनी वहीत लिहिलेसुद्धा होते.

गोमा मधे येऊन उभा राहिला.

"ऱ्हाऊं द्या, साह्यब."

"परीक्षा अर्धी सोडता येत नाही."

"पोरगी त्याच्याच घरात जायची हाय," गोमा म्हणाला. मग तो पाहुण्याकडे वळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे बोलला. "पाव्हनं, तुमी आयकला असंल कुनाच्या तोंडना. बाजारात मान्सां सांगतान. मी पन आयकलेला, पन इसरलो."

पाहुण्याने पडलेल्या काठीकडे पाहिले.

"आयकलेला," तो म्हणाला. "कल्यानच्या बाजारात."

"मंग लगीन?"

"माघात," पाहुणा म्हणाला. त्याने काठी उचलली आणि गोमाला पारावर जागा करून दिली. "तुरुंगातला नाय तू. सुकट बोलतो!"

गर्दी हसली. त्या हसण्यात पाहुणाही होता. तो फार हसला.

हेडमास्तर वही हातात धरून उभे होते. तोवर त्यांनी सुरू केलेली परीक्षा थांबवल्याचे मी पाहिले नव्हते. त्यांनी पाहुण्याचे नाव लिहिलेले पान शाई ओली असतानाच फाडले, चार तुकडे केले, आणि ते कोठे टाकावे हे न सुचल्यामुळे खिशात घातले. परतताना वाटेत ते एकदाच बोलले: "पुढच्या सहामाहीत आशिया आहे. जमादारांना पुन्हा बसवू." जमादार पुन्हा आले नाहीत. पुढे तीन वर्षांनी हेडमास्तरांची बदली झाली, आणि शिपायांचा सत्कार परीक्षेशिवाय होऊ लागला. मग तो बंद पडला.

कल्याणच्या फलाटावर आम्ही पोहोचलो तेव्हा दिवस मावळत होता. गाडीला अवकाश होता. सुभेदार बाकावर बसले आणि त्यांना उठता येईना. पाय सुजून बुटांत घट्ट बसले होते. वाकून त्यांचा हात नाडीपर्यंत पोहोचत नव्हता. हेडमास्तर तिकिटे काढायला गेले होते. हमाल कोणी दिसत नव्हता.

मी उपरणे बाकावर ठेवले आणि खाली बसलो. नाड्या सोडल्या. डावा बूट निघाला. उजव्याला दोन्ही हातांनी धरून ओढावे लागले. आत नदीकाठची वाळू होती. ती मी रुळांवर झटकली आणि बूट जोडीने बाकाखाली ठेवले.